धूर गेला, खोकला राहिला

लोअर परळच्या फिनिक्स मॉलमध्ये गिरणीची जुनी चिमणी अजून उभी आहे. लोक तिच्यासमोर फोटो काढतात. एकेकाळी अशा कित्येक चिमण्या गिरणगावावर दिवसभर कोळशाचा धूर सोडायच्या. १९१२ मध्ये मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदाही झाला. पण कोळशाला पर्याय असल्याशिवाय नुसता कायदा किती पुरणार?

पर्याय लोणावळ्याच्या पावसात होता. डेव्हिड गॉसलिंग यांनी सुचवलेली कल्पना जमशेटजी टाटांनी उचलली. १९०४ मध्ये ते गेले, काम मुलांनी पुढे नेलं. घाटमाथ्यावर पाणी अडवून ते पाचशे मीटर खाली खोपोलीला सोडलं आणि १९१५ मध्ये तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांत पोचली. आजच्या भाषेत ही रिन्युएबल एनर्जीच. खळ लावायला, कापड रंगवायला वाफ लागायची, त्यामुळे सगळे बॉयलर विझले नाहीत. पण जिथे इंजिनाच्या जागी मोटर आली, तिथला कोळसा कमी झाला.

मग कामगाराची छाती सुधारली का? बाहेरचा धूर घटला तरी आतली कापसाची धूळ तशीच होती. तिच्यामुळे बिसिनोसिस होतो. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते, पुढे खोकला आणि दम कायमचा मागे लागतो. पाळी संपली की चाळीतली एक खोली, त्यात दाटीवाटीने माणसं. क्षयाला याहून सोयीचं काय? साचे कोळशावर चालोत की पाण्यावर, यात फरक पडत नव्हता.

या विजेची किंमतही शहराबाहेर चुकवली गेली. मुळशीत धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले. तरीही धरण झालं.

शहराची भूक पावसापेक्षा मोठी निघाली. १९५६ मध्ये ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र सुरू झालं. चिमणी परत आली, फक्त आता ती पूर्व किनाऱ्यावर, चेंबूर-माहुलच्या बाजूला होती.

आज आपण सौरऊर्जेचा हिशोब मेगावॉटमध्ये मांडतो. तो हवाच. पण त्यासोबत आणखी तीन प्रश्न विचारायला हवेत: कुठली चिमणी खरोखर बंद झाली, कारखान्याच्या आतली हवा कुणी मोजली, आणि जमीन कुणाची गेली? १९१५ ची वीज स्वच्छ होती. हे प्रश्न मात्र तिने आपोआप सोडवले नाहीत.