गोजिरा आणि परका बातमीदार

श्रोतेहो, ‘गोजिरा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रांगतं बाळ उभं राहतं. जपानात मात्र या नावाने अंगावर काटा येतो. जपानी भाषेत ‘गोरिरा’ म्हणजे गोरिला वानर आणि ‘कुजिरा’ म्हणजे देवमासा. या दोन शब्दांचा सांधा जुळवून तोहो कंपनीने १९५४ साली आपल्या बोलपटातल्या अजस्र प्राण्याचे नाव ठेवले.

तुम्ही म्हणाल, राक्षसाच्या गोष्टीत इतिहास कुठला? तर ऐका. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली. स्फोट अंदाजाच्या दुपटीहून मोठा झाला. दूरवर मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर पांढरी राख पडू लागली. बोटीचं नाव ‘भाग्यवान ड्रॅगन’! तिच्यावरचे २३ही जण आजारी पडले, आणि बिनतारी यंत्र चालवणारा त्याच सप्टेंबरात दगावला. २ एप्रिलला पंडित नेहरूंनी आपल्या लोकसभेत अशा चाचण्या थांबवण्याची मागणी केली होती.

त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ‘गोजिरा’ पडद्यावर आला. आरंभीच समुद्रात लखलखाट होतो आणि एक बोट जळून बुडते. प्रेक्षकांना वेगळं सांगायची गरज नव्हती. दिग्दर्शक इशिरो होंडा यांनी युद्धावरून परतताना हिरोशिमाची राखरांगोळी पाहिली होती. बाँबच्या चाचण्यांनी समुद्रतळाचा राक्षस जागा होतो आणि टोकियो जाळतो. खरे म्हणजे रबरी पोशाख चढवलेला माणूस खेळण्यातले शहर तुडवीत होता; पण ते पाहून कोणी हसले नाही. आगगाडीतली एक बाई, आपण नागासाकीतून कशाबशा वाचलो, असं बोलून जाते. शेवटी वृद्ध शास्त्रज्ञ बजावतो की, चाचण्या चालूच राहिल्या तर दुसरा गोजिरा येईल.

१९५६ साली हा बोलपट अमेरिकेत लागला, तो कात्री लावून. कॅनडात जन्मलेले रेमंड बर हे नट त्यात स्टीव्ह मार्टिन नावाचा अमेरिकन बातमीदार झाले. त्यांचे प्रसंग अमेरिकेत चित्रित करून जुन्या पटात जोडले. जपानी पात्रांच्या जागी पाठमोरी माणसं उभी केली, म्हणजे बर त्यांच्याशीच बोलताहेत असं वाटावं! गंमत पाहा: नवे प्रसंग घालूनही ९६ मिनिटांचा पट ८० मिनिटांवर आला. त्यात नागासाकीचा उल्लेख गेला आणि अखेरचा इशाराही गेला. उरलं एवढंच की, संकट टळलं, जग सुटलं.

बर यांना दोष देऊ नये. त्यांनी काम मनापासून केले. पुढे १९५७पासून दूरचित्रवाणीवर वकील पेरी मेसन म्हणून ते घरोघर पोचले, आणि १९८५ साली त्याच बातमीदाराच्या भूमिकेत परतले. त्यांच्यामुळेच पाश्चात्त्य जगाला गोजिराची ओळख पटली. पण मूळ जपानी पट अमेरिकेतल्या चित्रगृहांत सर्वत्र पोचायला २००४ साल उजाडले.

शिक्षकबंधूंनो, मुलांना इतिहास शिकवताना ही गोष्ट जरूर सांगा. गोष्ट कोण सांगतो आहे, हे मुलं विचारतीलच. तिच्यातून काय गाळलं गेलं, हेही विचारायला त्यांना शिकवा. बोटीवरच्या त्या २३ जणांची आठवण त्या गाळलेल्या मिनिटांत होती.