स्कायडायव्हिंग आणि विंगसूट: थरार, धोके आणि उडीपूर्वी घ्यायची काळजी

राजूरहून पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर गेला असाल, तर कोकणकड्याच्या टोकाला पोटावर पडून खाली पाहिलेच असेल. छातीत धडधडते, तळहात घामेजतात, तरी तिथून उठावेसे वाटत नाही. मोबाईलवर विंगसूट घालून कड्यावरून झेपावणाऱ्यांचे व्हिडिओ पाहिलेल्या तरुणांच्या मनात तिथे एक प्रश्न येतोच: आपल्यालाही हे जमेल का?

या प्रश्नाचे उत्तर धाडसापेक्षा उंची, वेळ आणि तुमची तब्येत यांवर जास्त अवलंबून असते.

स्कायडायव्हिंग आणि विंगसूट यांत फरक काय?

स्कायडायव्हिंगमध्ये विमानातून उडी मारतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला प्रशिक्षकाच्या छातीशी पट्ट्यांनी बांधतात. याला टँडम उडी म्हणतात. ती बहुधा १०,००० ते १३,००० फुटांवरून होते. पाऊण ते एक मिनिट ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने खाली पडल्यावर प्रशिक्षक पॅराशूट उघडतो. मुख्य पॅराशूट बिघडले तर राखीव पॅराशूट असते आणि ते आपोआप उघडणारे यंत्रही असते.

विंगसूटमध्ये हात आणि धड यांच्यामध्ये तसेच दोन्ही पायांच्या मध्ये कापडी पंख असतात. त्यामुळे खाली पडण्याचा वेग कमी होतो आणि माणूस पुढे सरकत जातो. पण उतरायला पॅराशूट लागतेच. अमेरिकेतील पॅराशूट संघटनेच्या नियमानुसार विंगसूट घालण्याआधी किमान २०० साध्या उड्या झालेल्या असाव्या लागतात.

कडा, इमारत किंवा पूल यांवरून मारलेल्या उडीला बेस जंपिंग म्हणतात. व्हिडिओत दिसणारी कड्याला घासून जाणारी उड्डाणे याच प्रकारातली असतात.

आपल्याकडे या खेळाचे ठळक नाव म्हणजे पुण्याच्या शीतल महाजन. त्यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर २,४०० फुटांवरून उडी मारली, २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. यातून एवढे नक्की कळते की हा खेळ केवळ परदेशी लोकांचा नाही. मात्र त्यामागची वर्षानुवर्षांची तयारी व्हिडिओत दिसत नाही.

थरार वाटतो तेव्हा शरीरात काय घडते?

विमानाचे दार उघडताच मेंदू धोक्याचा इशारा देतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अॅड्रेनालिन सोडतात. नाडी जोरात चालते, रक्तदाब वाढतो, श्वास भरभर होतो, तोंड कोरडे पडते. जमिनीवर सुखरूप उतरल्यावर भीती ओसरते, पण मेंदूतील डोपामाइनसारख्या रसायनांमुळे आनंद आणि हलकेपणा काही काळ टिकतो. म्हणून तो अनुभव पुन्हा घ्यावासा वाटतो.

निरोगी माणसाला हा ताण सहसा बाधत नाही. पण हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील, तर हाच ताण छातीत दुखणे, ठोके अनियमित होणे किंवा हृदयविकाराचा झटका यांना निमित्त ठरू शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे सवय. सारख्या उड्या मारणाऱ्याला तोच थरार कमी वाटू लागतो आणि तो आणखी जमिनीजवळ, आणखी कड्याजवळ जाऊ पाहतो. धोका इथूनच वाढतो.

धोका नेमका किती?

अमेरिकेत २०२३ मध्ये सुमारे ३६ लाख ५० हजार स्कायडायव्हिंग उड्यांमध्ये १० मृत्यू नोंदले गेले. नॉर्वेतील शेराग या कड्यावर १९९५ ते २००५ या काळात २०,८५० बेस उड्यांमध्ये ९ मृत्यू झाले, म्हणजे साधारण २,३०० उड्यांमागे एक. दोन्हींत पॅराशूट असते, तरी धोक्यात शंभर पटींहून अधिक फरक आहे.

कारण साधे आहे. उडी मारल्यावर पहिले १,००० फूट पडायला साधारण १० सेकंद लागतात, पुढचे प्रत्येक १,००० फूट ५-६ सेकंदांत संपतात. १३,००० फुटांवर चूक झाली तर ती सुधारायला वेळ असतो. १,५०० फुटांच्या कड्यावर जमीन गाठायलाच १३ सेकंदांच्या आसपास लागतात. राखीव पॅराशूट उघडण्याइतका अवधी उरत नाही.

कोकणकड्यावर तर आणखी अडचणी आहेत. कडा आत वळलेला, नागाच्या फण्यासारखा आहे. कोकणातून वर चढणारा वारा इतका जोरदार असतो की खाली टाकलेली हलकी वस्तू परत वर येते. असा वारा पॅराशूटला कड्यावर आपटू शकतो. जानेवारी २०२० मध्ये याच परिसरात दोराने उतरताना एका अत्यंत अनुभवी गिर्यारोहकाचा मृत्यू झाला. अनुभवानेही धोका शून्य होत नाही. एव्हरेस्टच्या उत्तर बाजूवरून २०१३ मध्ये विंगसूट उडी मारणारे रशियाचे वालेरी रोझोव्ह २०१७ मध्ये नेपाळमधील अमा दबलामवर अशाच उडीत दगावले.

कोणत्या दुखापती होतात?

- उतरताना घोटा मुरगळणे किंवा मोडणे. टाच, मनगट, कंबरेच्या मणक्याचे फ्रॅक्चर
- पॅराशूट उघडतानाच्या झटक्याने मान किंवा खांदा दुखावणे
- सर्दी असताना कानात तीव्र वेदना, पडद्याला इजा
- पट्ट्यांमध्ये बराच वेळ निश्चल लटकून राहिल्यास चक्कर, बेशुद्धी. हा धोका रॅपलिंगमध्येही असतो. अशा व्यक्तीला शक्य तितक्या लवकर खाली उतरवून आडवे झोपवावे.

कोणी उडी मारू नये?

पुढीलपैकी काही असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय उडी मारू नका:

- हृदयविकार, नियंत्रणात नसलेला रक्तदाब
- फिट येणे, वारंवार चक्कर
- इन्सुलिनवर असलेला मधुमेह
- मणक्याचा किंवा गुडघ्याचा त्रास, खांदा निखळण्याचा इतिहास, हाडे ठिसूळ होणे
- रक्त पातळ करणारी औषधे
- नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, पूर्वी फुफ्फुसाबाहेर हवा साठलेली असणे

गरोदरपणात उडी पूर्णपणे टाळा. महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आढळतो. उंचीवर ऑक्सिजन कमी झाल्यास हा आजार उफाळू शकतो, त्यामुळे तो असलेल्यांनीही उडी टाळावी.

केंद्रावरच्या फॉर्ममध्ये आजार लपवू नका. त्या फॉर्मवर तुमची सही असते, पण जीव वाचवायच्या वेळी तिचा उपयोग होत नाही.

उडीपूर्वी काय करावे?

- मान्यताप्राप्त केंद्र आणि प्रशिक्षकाची पात्रता तपासा.
- आदल्या रात्री दारू टाळा, पुरेशी झोप घ्या, सकाळी हलके खा.
- सर्दी किंवा सायनसचा त्रास असेल तर तारीख पुढे ढकला.
- स्कूबा डायव्हिंग केले असेल तर किमान २४ तास जाऊ द्या.
- वारा किंवा ढगांमुळे उडी रद्द झाली तर पैशांसाठी वाद घालू नका.
- मन नको म्हणत असेल तर विमानात बसण्याआधी तसे सांगा. त्यात कमीपणा नाही.

अपघात झाला तर

- १०८ वर फोन करा. गडावर सगळीकडे रेंज मिळत नाही, त्यामुळे एकाला रेंजच्या ठिकाणी पाठवा.
- मान आणि पाठ हलवू देऊ नका. जखमीला उठवून बसवू नका.
- रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. अंगावर पांघरूण घाला. खायला-प्यायला देऊ नका.
- न्यायचेच असेल तर झोळीत नेऊ नका, त्यात कणा वाकतो. स्ट्रेचर किंवा सपाट फळी वापरा.

राजूरच्या ग्रामीण रुग्णालयात प्राथमिक उपचार मिळू शकतात. मेंदू किंवा मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी संगमनेर किंवा नाशिकला न्यावे लागू शकते. डोंगरातून तिथवर पोहोचायला लागणारे तास हाही धोक्याचाच भाग आहे.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

उडीनंतर छातीत दुखणे, दम लागणे, सतत उलट्या, असह्य डोकेदुखी, हातापायांत मुंग्या किंवा बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणे यांपैकी काहीही झाल्यास लगेच रुग्णालय गाठा. पायावर भार देता येत नसेल किंवा कान दोन दिवसांत मोकळा झाला नाही, तरीही तपासून घ्या.

लक्षात ठेवा

निरोगी असाल आणि हा अनुभव घ्यायचाच असेल, तर चांगल्या केंद्रावरची टँडम उडी हा तुलनेने सुरक्षित मार्ग आहे. विंगसूट हा त्यापुढचा अनेक वर्षांच्या सरावाचा टप्पा आहे आणि कड्यावरची उडी हौस म्हणून करायची गोष्ट नाही. कोकणकडा पोटावर पडूनच पाहा. थरार तिथेही पुरेसा असतो.