इंजिन बंद पडल्यावर

आमच्या सिरसाळ्याच्या माळावर हेलिकॉप्टर उतरावयाचें असलें, म्हणजे शाळा आपोआप सुटते. अशाच एका प्रसंगीं वर्गांतील एका मुलानें मला विचारलें, "गुरुजी, वर गेल्यावर याचें इंजिन बंद पडलें तर?" "दगडासारखें खालीं येईल," असें सांगून मी मोकळा झालों. तें उत्तर चुकीचें होतें. आज तें दुरुस्त करावयाचें आहे.

खऱ्या उत्तराचा इतिहास स्पेन देशांत सुरू होतो. ह्वान द ला सिएर्वा या तरुण इंजिनियरचें तीन इंजिनांचें विमान १९१९ सालीं जमिनीलगत वेग मंदावल्यामुळें कोसळलें. वेग गेला कीं पंखांचा आधारहि जातो, ही गोष्ट त्याच्या मनाला लागून राहिली. मग पंखच फिरते ठेवले तर? या विचारांतून 'ऑटोगायरो' जन्मास आलें. त्याच्या माथ्यावरील पातीं इंजिनानें नव्हे, तर समोरून येणाऱ्या वाऱ्यानें फिरत. जानेवारी १९२३ मध्यें माद्रिदजवळ तें प्रथम उडालें. आणि त्यानंतर लवकरच एका उड्डाणांत इंजिन बंद पडलें असतां तें सावकाश, सुखरूप खालीं आलें. दैवगति पाहा! विमानप्रवास निर्धोक करूं पाहणारा हाच सिएर्वा ९ डिसेंबर १९३६ रोजीं इंग्लंडांत क्रॉयडन येथें एका साध्या प्रवासी विमानाच्या अपघातांत मरण पावला.

त्याची विद्या मात्र हेलिकॉप्टरनें उचलली. ८ मार्च १९४६ रोजीं बेल कंपनीच्या हलक्या हेलिकॉप्टरला अमेरिकेंत नागरी वापराचा पहिला परवाना मिळाला, तेव्हांपासून प्रत्येक वैमानिक ती शिकत आला आहे. माधवीलतेचें तीन पंखांचें फळ गरगरत अलगद खालीं येतें, तसाच हा प्रकार. इंजिन थांबतांच तें पात्यांपासून सुटें होतें. वैमानिक डाव्या हाताची दांडी तत्काळ खालीं दाबतो. पात्यांचा तिरपेपणा कमी होतो आणि खालून येणारा वारा त्यांना फिरवीत ठेवतो. जमीन जवळ येतांच तो यंत्राचें नाक उचलून वेग मोडतो, आणि शेवटीं दांडी वर ओढून पात्यांत साठलेली गति एकदांच खर्च करतो.

परंतु येथेंच खरी मेख आहे. १९७९ सालीं परवाना मिळालेल्या रॉबिन्सन आर-२२ सारख्या हलक्या यंत्रांत पात्यांचें वजन थोडें, म्हणून त्यांतील गतीचा सांठाहि थोडा. दांडी दाबण्यास एक-दोन सेकंदांचा विलंब झाला, तरी पातीं मंदावतात आणि मग उपाय उरत नाहीं. शिवाय वेग आणि उंची हीं दोन्हीं हाताशीं नसतील, तर ही विद्या व्यर्थ. २५ मे २०१७ रोजीं निलंगा येथें तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचें हेलिकॉप्टर उडतांच खालीं येऊन विजेच्या तारांत अडकलें. सुदैवानें सर्वजण बचावले. तें यंत्र मोठें, दोन इंजिनांचें होतें, आणि त्या अपघाताची कारणमीमांसा निराळी आहे. तरी उड्डाणाच्या पहिल्या क्षणीं चूक सांवरण्यास अवकाश किती थोडा असतो, हें त्यावरून मराठवाड्यानें पाहिलें.

म्हणून माळावर गर्दी करणाऱ्यांस माझें सांगणें आहे, कीं उड्डाणाची दिशा मोकळी सोडा, आणि तारांजवळची जागा या कामीं देऊं नका. आणि त्या मुलास, आतां तो कर्ता पुरुष झाला असेल, माझें दुरुस्त उत्तर असें: बाळ, तें दगडासारखें पडत नाहीं. उंची हाताशीं असेल आणि सराव झालेला हात क्षणभरहि कचरला नाहीं, तर तें फळासारखें उतरतें.