धास्ती
धास्ती (स्त्री.) : प्रत्यक्ष संकट समोर नसताना, ते पुन्हा ओढवेल या कल्पनेने मनात घर करून राहिलेली अस्वस्थता. भीती प्रसंगासोबत ओसरते, धास्ती मात्र ‘घेतली’ जाते आणि मुक्काम करते. ‘त्यानं धास्तीच घेतली’ या प्रयोगात, तसेच ‘धास्तावणे’ या क्रियापदातही, हा टिकाऊपणा स्पष्ट आहे. उदाहरणार्थ, 30 सप्टेंबर 1993 रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या पहाटे झालेल्या भूकंपात मराठवाड्यातल्या सास्तूर परिसरातील दगडमातीची माळवदे (लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेली धाब्याची छते) झोपलेल्या माणसांवर कोसळली, आणि ज्या छपराने पिढ्यान्‌पिढ्या ऊन अडवले त्याखालीच निजणे नकोसे झाले. त्या मनःस्थितीला ‘काळजी’ हा शब्द फारच तोकडा पडतो.