गाजर गवतावरील मेक्सिकन भुंगेरा : ओळख, जीवनक्रम आणि वापर

पावसाळा सुरू झाला की शिरूर आणि दौंड तालुक्यांत बांध, कालव्याचे काठ, रस्त्याच्या कडा आणि पडीक रानात गाजर गवत वाढते. याच काळात त्यावर पांढुरके, तपकिरी पट्ट्यांचे छोटे भुंगेरे आणि पाने खाणाऱ्या अळ्या दिसतात. शेजारी उसाचे किंवा भाजीपाल्याचे पीक असले की 'नवीन कीड आली' असे समजून फवारणी केली जाते. हा भुंगेरा पिकाचा शत्रू नसून गाजर गवताचा शत्रू आहे. त्यामुळे फवारणीपूर्वी त्याची नेमकी ओळख करून घेणे गरजेचे आहे.

हा भुंगेरा आला कुठून?

गाजर गवत (काँग्रेस गवत) मूळचे अमेरिका खंडातील. भारतात ते १९५५ मध्ये पुण्यात तणाच्या रूपात लक्षात आले आणि पुढे देशभर पसरले. एका झाडापासून हजारो बी तयार होते. या गवताच्या संपर्काने त्वचेला खाज व पुरळ येते, तर परागकणांमुळे सर्दी आणि दम्याचा त्रास होतो. जनावरे ते सहसा खात नाहीत.

या गवतावर जगणाऱ्या भुंगेऱ्याचे शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकोलोराटा. तो पर्णभुंगेऱ्यांच्या, म्हणजे क्रायसोमेलिडी कुळातील आहे. पॅलिस्टर या अमेरिकी कीटकतज्ज्ञाने १९५३ मध्ये स्वतंत्र जात म्हणून त्याचे वर्णन केले. जात निश्चित असल्यामुळेच ती नेमकी कोणती वनस्पती खाते याच्या चाचण्या घेता आल्या. १९८३ मध्ये हा भुंगेरा मेक्सिकोतून बंगळूरला आणला गेला आणि चाचण्यांनंतर १९८४ मध्ये शेतात सोडण्यात आला.

ओळखीच्या खुणा

- प्रौढ भुंगेरा : सुमारे ६ मि.मी. लांब, अंडाकृती व फुगीर. पाठीवरील कडक पंख पांढुरके-पिवळसर, त्यावर गडद तपकिरी उभ्या रेषा. डोके व मानेचा भाग तपकिरी.
- अंडी : लांबट, पिवळी ते नारिंगी. बहुतेक पानांच्या खालच्या बाजूस सुटी किंवा लहान समूहात.
- अळी : पिवळसर-पांढरी, मऊ, पाठीला फुगवटा असलेली. आधी शेंड्याचे व बगलेतील कोंब खाते, नंतर पाने.
- कोष : जमिनीत असल्याने सहसा दिसत नाही.

कोणाशी गल्लत होते?

- ढालकिडा : मावा खाणारा मित्रकीटक. त्याच्या स्पर्शिका आखूड व टोकाला जाडसर असतात. पर्णभुंगेऱ्याच्या स्पर्शिका लांब व धाग्यासारख्या असतात.
- वांग्यावरील हड्डा भुंगेरा : नारिंगी-तपकिरी रंग, पाठीवर काळे ठिपके, अळीच्या अंगावर काटे. हा पानाची चाळणी करतो. ही खरी कीड आहे.
- वेलवर्गीय पिकांवरील लाल भुंगेरा : पाठ नारिंगी-लाल, पोटाची बाजू काळी. हाही पर्णभुंगेराच, पण काकडी, भोपळा, दोडक्याची कोवळी पाने खातो.

एकाच कुळातील एक जात पिकाचे नुकसान करते आणि दुसरी तण खाते. म्हणून केवळ 'भुंगेरा आहे' एवढ्यावरून निर्णय घेऊ नये. भिंगाने रंग, रेषा आणि स्पर्शिका पाहाव्यात आणि तो कोणती वनस्पती खातो आहे हेही पाहावे.

जीवनक्रम

अंडी ४ ते ७ दिवसांत उबतात. अळी १० ते १५ दिवस पाने खाते आणि मग जमिनीत शिरून कोषात जाते. साधारण महिनाभरात एक पिढी पूर्ण होते. पाऊस संपून थंडी सुरू झाली की बरेच प्रौढ जमिनीत सुप्तावस्थेत जातात आणि पुढच्या पावसाळ्यात बाहेर येतात.

सूर्यफुलाचे काय?

१९९० नंतरच्या काही वर्षांत कर्नाटकात हा भुंगेरा सूर्यफुलावर आढळल्याने वाद झाला. केंद्र सरकारने समिती नेमली आणि भुंगेरे सोडणे काही काळ थांबवले गेले. सूर्यफुलाच्या पानांवर पडलेल्या गाजर गवताच्या परागकणांमुळे भुंगेरे ती पाने कुरतडतात, असे संशोधनात दिसले. पुढे बंदी उठली. तरीही जवळ सूर्यफूल असल्यास पिकाची पाहणी करत राहावे.

वापर कसा करावा?

१. जिथे भुंगेरे भरपूर आहेत तिथून ते पावसाळ्यात गोळा करावेत. छिद्रे पाडलेल्या प्लास्टिकच्या बरणीत गाजर गवताच्या पाल्यासह ठेवावेत.
२. एका जागी ५०० ते १००० प्रौढ भुंगेरे सोडावेत. जुलै-ऑगस्ट हा काळ चांगला.
३. जागा निवडताना नांगरट न होणारी निवडावी : बांध, कालव्याचा काठ, गायरान, पडीक जमीन. नांगरटीने जमिनीतील कोष व सुप्त भुंगेरे नष्ट होतात.
४. त्या जागी कीटकनाशक किंवा तणनाशक फवारू नये.
५. फक्त भुंगेऱ्यावर विसंबू नये. उरलेले गवत फुलोऱ्यापूर्वी हातमोजे घालून उपटावे. पडीक जागेत तरोट्याचे बी टाकल्यास गाजर गवताला स्पर्धा होते.

अनोळखी भुंगेरा आढळल्यास

भीमेच्या दोन्ही काठांवर ऊस, कांदा, भाजीपाला, फळबागा अशी अनेक पिके आहेत. एखादा भुंगेरा वरील कशाशीच जुळत नसेल, तर पुढीलप्रमाणे नमुना घ्यावा.

- ५ ते १० भुंगेरे पकडून झाकणाच्या बाटलीत काही तास फ्रीझरमध्ये ठेवावेत. नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत. नर व मादी दोन्ही मिळावेत म्हणून एकच नमुना पुरेसा नसतो.
- पेन्सिलने चिठ्ठी लिहून बाटलीत टाकावी : गाव, तालुका, तारीख, पीक किंवा वनस्पती, पानाचा कोणता भाग खाल्ला.
- पान आणि भुंगेरा यांचा एकत्र फोटो काढावा.
- नमुना कृषी सहायकांमार्फत बारामती किंवा नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात, अथवा पुणे कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागात द्यावा.

दिसायला सारख्या जाती बाहेरून ओळखता येत नाहीत, तेव्हा तज्ज्ञ नराच्या जननांगांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि संग्रहालयातील नमुन्यांशी ताडून पाहतात. पुण्यात आकुर्डी येथे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. जात खरोखरच नवीन निघाली, तर तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध करून नाव दिले जाते आणि एक नमुना प्रमाण म्हणून कायम जतन केला जातो. या नोंदीत गावाचे नाव, तारीख आणि खाद्यवनस्पती लागते. चिठ्ठी अपुरी असेल तर चांगला नमुनाही फारसा उपयोगी पडत नाही.

लक्षात ठेवा : गाजर गवतावर पट्टेदार भुंगेरे दिसले तर फवारणी करू नका. पिकावर अनोळखी भुंगेरा दिसला, तर आधी ओळख पटवा आणि मगच औषधाचा निर्णय घ्या.