अडकित्ता आणि निखारा

परवा पुण्याहून नातू आला. आल्या आल्या त्याने विचारलं, "आबा, घरात अडकित्ता आहे का?"

क्षणभर मला बरं वाटलं. म्हटलं, पोराला सुपारी आवडायला लागली की काय! पण त्याने बॅगेतून एक पुठ्ठ्याचं खोकं काढलं. आत काळेकुळकुळीत, अगदी साच्यातून काढल्यासारखे चौकोनी ठोकळे. नारळाच्या करवंटीचा कोळसा. हुक्क्यासाठी. प्रत्येक ठोकळा इंचभर लांब, रुंद आणि उंच. त्याच्या हुक्क्याची चिलीम लहान, तिच्यावर अख्खा ठोकळा ठेवला की तंबाखू करपते. म्हणून त्याला अर्धे तुकडे हवे होते.

मी मास्तर माणूस, आधी रागावून घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ सालीच सांगून ठेवलंय की हुक्क्याच्या एका बैठकीत शंभर किंवा त्याहून अधिक सिगारेटींइतका धूर आत जाऊ शकतो, तेही ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि पुन्हा विचारलं, "पण अडकित्ता आहे का?"

हाच प्रश्न मी पासष्ट वर्षांपूर्वी माझ्या आजीला विचारला होता. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरी, आबाजींच्या गुडगुडीसाठी. त्याचं काय झालं ते पुढे येईलच. आधी थोडा इतिहास, सवय जात नाही.

हुक्क्यात तंबाखू जळत नाही, भाजली जाते. वर निखारा, खाली तंबाखू, त्याखाली नळी आणि पाणी. निखारा मोठा झाला तर तंबाखूचा कोळसा होतो, बारीक झाला तर चार झुरक्यांत विझतो. सगळी करामत निखाऱ्याच्या आकारात. वर्गात सांगायचो तसं सांगतो. इंचाच्या ठोकळ्याचं पृष्ठफळ सहा चौरस इंच. मधोमध कापला तर दोन्ही अर्ध्यांचं मिळून आठ होतं. म्हणजे वजन तेवढंच, पण हवा लागायला जागा जास्त, त्यामुळे तो लवकर फुलतो आणि लवकर संपतो. आबाजींना यातलं गणित येत नव्हतं, पण चिलमीत सुपारीएवढे चार तुकडे बसले पाहिजेत, पाचवा नको, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

तंबाखू मोगल दरबारात पोचली ती दख्खनमधून. विजापूरला वकील म्हणून गेलेला असद बेग १६०४ च्या सुमारास ती अकबरापुढे घेऊन आला. त्याने स्वतःच हे लिहून ठेवलंय. लांब नळी, रत्नजडित साज, आणि पेटवायला सोन्याचं पात्र. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले, हकिमाने हरकत घेतली, त्यावर वाद झाला. हुक्का हकीम अबुल फतह गिलानीने शोधून काढला अशी एक कथा सगळीकडे सांगतात, पण हा हकीम १५८९ मध्येच वारला, तेव्हा तारखा जुळवताना फार ओढाताण होते. मला असद बेगच्या हकिकतीतली वेगळीच गोष्ट आवडते. तंबाखू त्याने भरून आणली होती ती आदिलशहाने भेट दिलेल्या पानाच्या बटव्यात! तंबाखूचं स्वतःचं सामान अजून तयार व्हायचं होतं. पानसुपारीचं घर आधीपासून थाटलेलं होतं, ही नवी पाहुणी त्यातच उतरली.

पुढे तिचा संसार वाढला. बिदरच्या कारागिरांनी काळ्या धातूवर चांदीची वेलबुट्टी उतरवून हुक्क्यांची जी भांडी केली, ती आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. आपला वऱ्हाड १७२४ नंतर निजामाच्या अमलात आला आणि १८५३ मध्ये इंग्रजांकडे गेला, म्हणजे बिदर आणि वऱ्हाड बराच काळ एकाच सरकारचे. गरिबाघरी मात्र चांदी-बिंदी काही नाही, नारळाची करवंटी. नारळाला फारसीत नारगील म्हणतात, त्यावरूनच हुक्क्याला नारगिले हे नाव पडलं. आमच्याकडे 'गुडगुडी', पाण्याच्या आवाजावरून. नावं ठेवण्यात आपण सरळ माणसं.

निखाऱ्याची कामं मालक करत नसे. त्यासाठी हुक्काबरदार असे. चिलीम भरायची, कोळसा फोडायचा, फुलवायचा, विझू लागला की बदलायचा. अठराव्या शतकात कलकत्त्याचे इंग्रजही इतके हुक्केबाज झाले होते की १७७९ च्या एका निमंत्रणात हेस्टिंग्ज दांपत्याने पाहुण्याला कळवलं होतं, हुक्काबरदार सोडून दुसरा नोकर आणू नये. त्याच्यावाचून मैफल होणारच कशी? हुक्क्याची चित्रं पाहाल तर नळी धरलेला हात ऐटीत दिसतो. कोळसा फोडून काळा झालेला हात त्या चौकटीत फारसा येत नाही.

आमच्या घरचा हुक्काबरदार मी. वय आठ.

आपल्या जिल्ह्यात वणीकडे दगडी कोळसा निघतो, पण तो या कामाचा नाही. त्याचा धूर आणि गंधकाचा वास चिलमीत कोण घेईल? गुडगुडीला लागतो तो लाकडाचा, लोणारी कोळसा. त्यातही बाभळीचा उत्तम, जड आणि टिकाऊ. पऱ्हाटीचा कोळसा चुलीतून फुकट मिळे, पण तो फुलाएवढा हलका, पेटला न पेटला तोच राख. कच्चा राहिलेला किंवा ओल धरलेला कोळसा तडतडतो आणि ठिणग्या उडवतो.

लाकडाच्या कोळशात लाकडाची रग शाबूत असते. आबाजी कांडी दगडावर उभी धरत, तिच्या माथ्यावर जुन्या मोडक्या विळ्याचं पातं ठेवत आणि वरून बत्त्याने एक टिचकी. कांडी रगेच्या बाजूने सरळ दोन होई, चुरा जवळजवळ नाही. मग त्या पट्ट्या बोटांनीच आडव्या मोडायच्या. मी हे नुसत्या बत्त्याने करू जाई, तर निम्मा भुगा. म्हणून माझा डोळा आजीच्या अडकित्त्यावर. एका बाजूला धार, दुसऱ्या बाजूला बैठक, मध्ये तुकडा धरून दाबायचं, बोटं लांब राहतात. विचार चुकीचा नव्हता. आजीचं उत्तर ठरलेलं: "माह्या अडकित्त्याले हात नोको लावू. कोयसा काय सुपारी हाय?"

एके संध्याकाळी ती शेजारी गेली होती. दिवाळीनंतरचे दिवस, पहिल्या वेच्याचा कापूस मधल्या खोलीत छातीएवढा भरलेला. चिलमीवरचा निखारा मोठा झाला म्हणून आबाजी ओरडले. मी चिमट्याने तो उचलला आणि ओसरीत बसून अडकित्त्याने फोडला. पेटता! तट्कन आवाज झाला, अर्धा तुकडा पायाशी पडला. बाकीचा कुठे गेला ते मी पाहिलंच नाही.

कापूस भडकत नाही, आतून धुमसतो. मध्यरात्री आजीला वास आला. तिने कंदील लांब ठेवला, हाताने ढीग उकरला, आतला काळा भाग घमेल्यात भरभरून अंगणात नेला आणि पाण्यात बुडवला. पहाटेपर्यंत ती ढीग चाचपत बसली होती, कुठे ऊब लागते का ते. वर्षाच्या कमाईतला बराच भाग गेला. घर राहिलं. आबाजी मला एक शब्द बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून गुडगुडी अंगणात, निंबाखाली गेली, आणि कोळसा ते स्वतः फोडू लागले.

२०१७ च्या डिसेंबरात मुंबईत कमला मिल आवारात आग लागून १४ माणसं गेली. अग्निशमन दलाच्या चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्याची ठिणगी हे संभाव्य कारण आलं, आणि २०१८ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरांवर बंदी घातली. त्या बातम्या वाचताना मला तो आजीचा हात आठवत होता, कापसात कोपरापर्यंत गेलेला.

अडकित्त्याचंही नुकसान झालं. निखाऱ्याने पात्याचं पाणी उतरलं, सुपारी कापायची सोडून चिरडायला लागला. गावाबाहेर घिसाड्यांच्या गाड्या उतरल्या तेव्हा आजी तो घेऊन गेली, मलाही सोबत नेलं. घिसाडी चिमट्याने पातं धरी, त्याची बायको घण मारी. भात्यापुढे लोणारी कोळशाचाच ढीग. पातं लाल करून पाण्यात बुडवलं, चर्र आवाज झाला. त्याने कोळसा कसा फोडला हे मी मुद्दाम पाहिलं: थंड असताना, हातोडीच्या कडेने, रगेवर. पेटलेल्याला फक्त चिमटा.

तर तो अडकित्ता माझ्याकडे आहे. नातवाला दिला. त्याने करवंटीचा ठोकळा त्यात धरून दाबला आणि ठोकळ्याचा भुगा झाला. मला आधीच सुचायला हवं होतं. हा कोळसा दळून, खळीसारखा चिकटा घालून साच्यात दाबलेला. त्याला रग नाहीच. विळा-बत्ता, पटाशी, सगळं इथे फोल. मग मी लोखंड कापायची बारीक दात्यांची करवत काढून दिली. वर्तमानपत्रावर ठोकळा ठेवून, नाकाला रुमाल बांधून, जोर न लावता सावकाश ओढली तर कडा न तुटता दोन तुकडे झाले. त्याच्याजवळ दुसऱ्या एका पाकिटात झटकन पेटणाऱ्या चकत्याही होत्या. त्यांत सोरा असतो. बंदुकीच्या दारूतल्या तीनपैकी दोन जिन्नस एकत्र, तेव्हा त्यांना करवत लावू दिली नाही. तशीही त्यांच्यावर मधोमध खाच असते, पेटवण्याआधी हाताने मोडता येतात.

संध्याकाळी तो हुक्का घेऊन गच्चीकडे निघाला. मी म्हटलं, गच्चीवर वाळत घातलेल्या गाद्या आहेत, अंगणात बस. तो बसला. मी पाण्याची बादली भरून त्याच्या शेजारी ठेवली आणि अडकित्ता पुसून पानाच्या डब्यात टाकला.