एचडीआर की स्टँडर्ड? दीडशे वर्षांहून जुना प्रश्न

आजच्या भागाचा विषय तुमच्या खिशातच आहे. फोनच्या कॅमेऱ्यात कुठेतरी ‘एचडीआर’ असं एक बटण असतं, म्हणजे हाय डायनॅमिक रेंज. ते चालू ठेवायचं की साधा, स्टँडर्ड फोटो काढायचा? प्रश्न सेटिंगचा वाटतो, पण त्याला मोठा इतिहास आहे.

आधी अडचण समजून घेऊ. खिडकीसमोर कुणालातरी उभं करून फोटो काढा. चेहरा नीट आला तर बाहेरचं सगळं पांढरं फटफटीत. बाहेरचं झाड दिसलं तर चेहरा काळा. सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ भागातलं हे अंतर म्हणजे डायनॅमिक रेंज. ते सेन्सरच्या आवाक्याबाहेर गेलं की एक बाजू सोडावी लागते.

ही अडचण सेन्सरच्या कितीतरी आधीची आहे. १८५० च्या दशकात फोटो काचेवर घेत. त्या काचेवरचं रसायन निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद द्यायचं. त्यामुळे समुद्र नीट येईपर्यंत आकाश पार उडून जायचं. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे याने यावर सरळ तोडगा काढला: आकाशाची निगेटिव्ह वेगळी, समुद्राची वेगळी आणि क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जोडून एकच प्रिंट. सेत या किनाऱ्यावरच्या गावी १८५७ मध्ये टिपलेली त्याची ‘मोठी लाट’ अशीच तयार झाली.

आता गंमत बघा. ल ग्रेच्या एकाहून जास्त समुद्रचित्रांत तेच आकाश सापडतं! म्हणजे फोटोत एकत्र दिसणारे ते ढग आणि ती लाट प्रत्यक्षात एकाच क्षणी समोर असतीलच असं नाही. मग तो फोटो खरा की खोटा? एचडीआरबद्दलचा वाद तेव्हापासूनच आहे.

पुढचा टप्पा अमेरिकेत. १९३९-४० च्या सुमारास अँसेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी ‘झोन सिस्टीम’ मांडली. काळ्याकुट्टपासून शुभ्र पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा अकरा पायऱ्या. समोरच्या दृश्यातली कुठली गोष्ट कुठल्या पायरीवर बसवायची, हे फोटोग्राफरने शटर दाबायच्या आधीच ठरवायचं. त्यानुसार एक्सपोजर द्यायचं, त्यानुसार फिल्म धुवायची. इथे निर्णय पूर्णपणे माणसाचा होता.

मग आले अणुस्फोट. एवढा झगझगाट आणि त्याभोवतीचा अंधार एकाच फिल्मवर कसा धरणार? चार्ल्स वायकॉफ यांनी वेगवेगळ्या संवेदनशीलतेचे तीन थर असलेली फिल्म बनवली. मंद थराने स्फोटाचा गाभा टिपायचा, तेज थराने आजूबाजूचा अंधार.

हेच काम सॉफ्टवेअरमध्ये कसं करायचं, याचं एक गाजलेलं उत्तर १९९७ मध्ये पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी दिलं. मलिक हे आयआयटी कानपूरचे बीटेक. एकाच दृश्याचे कमी-जास्त एक्सपोजरचे फोटो घ्या. त्यांच्यावरून कॅमेरा प्रकाशाला कसा प्रतिसाद देतो, ते गणिताने काढा. आणि मग प्रत्येक बिंदूवरच्या प्रकाशाचं परस्परांशी प्रमाण मिळवा. फक्त समोरचं काही हलायला नको. हललं की फोटोत भूत दिसतं, एका माणसाच्या दोन पुसट सावल्या.

२०१० मध्ये आयफोनवर एचडीआर आलं, तेव्हा साधा फोटोही शेजारी सेव्ह करायची सोय होती. दोन्ही बघा, हवा तो ठेवा. २०१३ मध्ये गूगलने नेक्सस ५ वर वेगळी युक्ती वापरली: मुद्दाम थोड्या काळपट अशा अनेक फ्रेम भराभर घ्यायच्या आणि एकमेकींवर जुळवायच्या. काळपट असल्यामुळे आकाश उडत नाही. सावलीतले दाणे, म्हणजे नॉइज, प्रत्येक फ्रेममध्ये वेगळे पडतात. नऊ फ्रेमची सरासरी काढली की ते साधारण एक तृतीयांश उरतात. मग सावली बिनधास्त उजळता येते. भुताचा त्रासही खूप कमी होतो.

हे इंजिनिअरिंग जबरदस्तच आहे. पण यात एक गोष्ट हातातून निसटली. ल ग्रेने आकाश स्वतः निवडलं, अ‍ॅडम्सने पायरी स्वतः ठरवली. आज बऱ्याच फोनमध्ये एचडीआर आपोआप लागतं, काहींमध्ये तर बंदही करता येत नाही. सावली किती उजळ हवी, हे आपल्या वतीने कुणीतरी आधीच ठरवून ठेवलंय. म्हणून आपले सगळ्यांचे फोटो थोडे सारखेच दिसायला लागलेत.

तर मग निवडायचं कसं? मागून उजेड आहे आणि चेहरा महत्त्वाचा आहे, तर एचडीआर. दुपारचं ऊन आणि गर्द सावली एकत्र आहे, तरीही एचडीआर. पण सूर्यास्तासमोर फक्त काळी आकृती हवी असेल, किंवा समईच्या उजेडातली खोली अंधारीच दिसायला हवी असेल, तर स्टँडर्ड. जुन्या फोनवर पळणारी मुलं टिपायची असतील, तरीही स्टँडर्ड. बटणच नसेल तर स्क्रीनवर उजळ भागाला बोट लावा आणि एक्सपोजर खाली ओढा. बऱ्याच फोनमध्ये तेवढं तरी करता येतं.

आज एकाच दृश्याचे दोन्ही प्रकारे फोटो काढून बघा. अंधार कुठे ठेवायचा, हे एकदा तरी स्वतः ठरवा. भेटू पुढच्या भागात!